डी७५० वरून झेड६ २ : मेगापिक्सेल तेवढेच, मग बदलला कशाला?

उन्हसावली
निकॉन डी७५० हा आरशाचा (डीएसएलआर) कॅमेरा बरीच वर्षं वापरला, आता बिनआरशाचा (मिररलेस) झेड६ २ घेतलाय. पहिला २०१४ चा, दुसरा २०२० चा, आणि दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. फोटो मोठा करून पाहिला तर तपशील जवळपास तोच. तरीही माझ्या मते बदल सार्थकी लागला.

डी७५० चे ५१ फोकस पॉइंट (कॅमेरा जिथे फोकस धरू शकतो त्या जागा) फ्रेमच्या मधोमध दाटीने बसलेत. पोर्ट्रेटमध्ये डोळा कडेला असला की मधल्या पॉइंटने फोकस धरायचा आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम जुळवायची. एफ/१.८ ला, म्हणजे लेन्स बरीच उघडी असताना, तेवढ्या हालचालीतच पापणी सुटते आणि कान धारदार येतो. झेड६ २ चे २७३ पॉइंट जवळजवळ कडेपर्यंत पसरलेत, आणि डोळा कॅमेराच शोधतो. समोरचा बोलता बोलता मान वळवतो, तरी चौकोन डोळ्याला धरून राहतो. फोकसची काळजी मिटली की चेहऱ्यावरचा भाव टिपायला मी मोकळा.

छिद्रमान
अजिबात पटलं नाही. तेच पैसे चांगल्या लेन्सवर किंवा फ्लॅशवर घातले असते तर फरक थेट फोटोत दिसला असता. शिवाय जुन्या ५० मिमी एफ/१.८ डी सारख्या लेन्सचं काय? अशा एएफ-डी लेन्समध्ये फोकस मोटर नसते, ती डी७५० च्या बॉडीत असते. ना झेडच्या बॉडीत मोटर, ना जुन्या लेन्स झेडवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये. म्हणजे फोकस हातानेच करायचा.

उन्हसावली
एएफ-डी वाल्यांनी आधी हिशेब मांडावा, हे मान्य. माझी ८५ मिमी एएफ-एस आहे, म्हणजे मोटर लेन्समध्येच, ती अडॅप्टरवर व्यवस्थित चालते. आणि तीच लेन्स पूर्ण उघडी ठेवूनही आता जास्त धारदार फोटो देते. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली. त्यात जरा फरक पडला की फोकस पुढे-मागे होतो, मग लेन्सगणिक फाइन-ट्यून करत बसा. मिररलेसमध्ये मोजणी फोटोच्या सेन्सरवरच होते. म्हणून 'बॉडीने फोटो सुधारत नाही' हे सरसकट खरं नाही.

काळीपेटी
बॅटरीबद्दल कोणीच बोलत नाही? सीपा या जपानी कॅमेरा उत्पादक संघटनेच्या प्रमाणित चाचणीत डी७५० एका चार्जवर १२३० फोटो काढतो, झेड६ २ व्ह्यूफाइंडर वापरून ३४०. पक्ष्यांसाठी दबा धरून तासन् तास डोळा लावून बसायचं, तर मला काचेतून थेट दिसणारं दृश्यच हवं. व्ह्यूफाइंडरमधल्या पडद्यावरचं चित्र कितीही चांगलं असलं तरी ते चित्रच.

रानवाट
सीपाची चाचणी कडक असते, सलग फोटो काढले तर आकडा बराच वाढतो. पण पक्ष्यांचंच म्हणाल तर गडद झाडीपुढचा बगळा घ्या. डीएसएलआरवर पिसं जळली, म्हणजे नुसती पांढरी झाली, की नाही ते फोटो काढल्यावर कळतं. मिररलेसमध्ये एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय) फिरवताना पिसांतल्या रेघा परत येताना डोळ्यादेखत दिसतात. तोवर बगळा उडालेला नसतो.

छिद्रमान
आणि मिररलेसच्या ज्या गोष्टीचं सगळीकडे एवढं कौतुक होतं ते सायलेंट, म्हणजे बिनआवाजी शटर? एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, पंख्याची पाती वाकडी दिसतात.

रानवाट
येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. तिथे मेकॅनिकल शटर लावायचं, ते याच कॅमेऱ्यात आहे. जिथे आवाज चालतच नाही तिथे मात्र दिवे बघूनच सायलेंट वापरावं.