लिपेच्या थालरवरचं ‘ए’
लिपे या छोट्या जर्मन संस्थानाच्या थालरवर, म्हणजे चांदीच्या जुन्या नाण्यावर, राजाच्या चेहऱ्याखाली ‘ए’ (A) अक्षर आहे. त्यावरून लिपेची स्वतःची टांकसाळ होती असा निष्कर्ष कुणी काढतं, तो मला पटला नाही. ‘ए’ ही बर्लिनच्या टांकसाळीची खूण. १८६० चा हा थालर लिपेचा राजा लिओपोल्ड तिसरा याच्या नावाचा असला तरी पाडला प्रशियाने, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या मोठ्या जर्मन राज्याने. एवढ्याशा संस्थानाला वेगळी टांकसाळ चालवणं परवडणारच नव्हतं.

मागच्या बाजूला ‘तीस, एक पौंड शुद्ध’ अशा अर्थाचा मजकूर आहे, तो मात्र नीट बघा, मला तो फार आवडतो. १८५७ च्या व्हिएन्ना करारात, म्हणजे जर्मन राज्यांनी आणि ऑस्ट्रियाने मिळून केलेल्या नाणेकरारात, ठरलं की ५०० ग्रॅमच्या पौंडभर शुद्ध चांदीतून तीस थालर पाडायचे. म्हणजे एका नाण्यात १६.६७ ग्रॅम शुद्ध चांदी, आणि ९०० चा कस (हजार भागांत ९०० भाग चांदी) धरून वजन साधारण १८.५ ग्रॅम. राजा कोणताही असो, चांदी तेवढीच!

आणखी एक, जर्मनीत मार्क हे नवं चलन आल्यावर हे थालर लगेच बाद झाले नाहीत. तीन मार्कांच्या भावाने ते १९०७ पर्यंत चालले. त्यामुळे झिजलेलं नाणं दिसलं म्हणून लगेच नकली ठरवू नका, आधी तराजूवर ठेवा.