एक्स-रे स्वच्छ असला तरी गुडघा तपासून घ्यावा

कबड्डीत गुडघा मुरगळला आणि एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, तर मालीश करून पुन्हा मैदानात उतरावे, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, पण अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणारे चिवट पट्टे, आणि कूर्चेच्या गाद्या, म्हणजे मेनिस्कस, दिसत नाहीत. आणि मांडीच्या हाडाची गोलाकार टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असल्यामुळे सांध्याची स्थिरता मोठ्या प्रमाणात या बंधांवर आणि गाद्यांवरच अवलंबून असते. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेदणाऱ्या दोन बंधांपैकी पुढचा, म्हणजे एसीएल, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि तिच्या पिळण्यालाही आवर घालतो. चढाई करणारा खेळाडू पाऊल रोवून एकदम दिशा बदलतो, तेव्हा गुडघा आत झुकून पिळला जातो आणि कोणी पकड न करताही हा बंध तुटू शकतो. त्या क्षणी आलेला ‘कट्’ असा आवाज आणि काही तासांतच चढलेली टम्म सूज दुर्लक्षिण्याजोगी नाही, कारण अशी सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याची खूण असते. केवळ गादी फाटली असेल तर सूज सहसा दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू येते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय करून घ्यावा. तोवर मालीश व खेळ दोन्ही बंद ठेवावेत. सूज उतरून नीट चालता येऊ लागले, यावरही कृपया विसंबू नये, कारण सरळ चालताना या बंधाची उणीव फारशी जाणवत नाही. वळताना मात्र गुडघा निसटतो आणि शाबूत राहिलेली गादीही फाटण्याची शक्यता वाढते.