करार सप्टेंबरमध्ये, गाडी ऑक्टोबरमध्ये: ७,५०० चं क्रेडिट मिळेल का? आणि चार्जरचं काय?

गॅरेजवाला
नमस्कार मंडळी, अमेरिकेतला २०२५ चा टॅक्स भरायला बसलोय आणि पुरता गोंधळलोय. आम्ही नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली, २७ सप्टेंबरला करारावर सह्या केल्या, डाउन पेमेंटही त्याच दिवशी दिलं, पण गाडी ताब्यात आली ऑक्टोबरच्या मध्यात. डीलरने किमतीतून काही वजा केलं नाही, म्हणाला नव्या इलेक्ट्रिक गाडीवरचं ७,५०० डॉलरपर्यंतचं सरकारी टॅक्स क्रेडिट रिटर्नमध्ये क्लेम करा. आता ऑफिसातला एक जण ठासून सांगतोय की ३० सप्टेंबरला सगळं बंद झालं, विसरा. त्यात २०२५ मध्ये बायकोचे आरएसयू (कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर) व्हेस्ट झाले, म्हणजे हातात आले, त्यामुळे दोघांचं मिळून उत्पन्न ३ लाख डॉलरच्या वर गेलंय, २०२४ मध्ये बरंच खाली होतं. जॉइंट रिटर्न भरतो. शिवाय डिसेंबरमध्ये गॅरेजमध्ये लेव्हल २ चार्जर (२४० व्होल्टवर चालणारा) बसवून घेतला, त्याचं काही मिळतं का?

आकडेमोड
तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं अर्धंच बरोबर आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने क्रेडिट बंद केलं ते ३० सप्टेंबरनंतर "घेतलेल्या" गाड्यांसाठी, आणि आयआरएसने (अमेरिकेचं कर खातं) स्पष्ट केलंय की बंधनकारक लेखी करार झाला आणि काही ना काही पैसे दिले की गाडी घेतली असं धरतात, मग ती रक्कम छोटी असो किंवा जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिलेली असो. ताबा नंतर मिळाला तरी चालतं, फक्त क्लेम ताबा मिळाला त्या वर्षात करायचा, म्हणजे तुमचा २०२५ च्याच रिटर्नमध्ये. नुसतं ऑनलाइन बुकिंग वेगळं आणि सही झालेला करार वेगळा, तुमच्याकडे करार आहे तो आणि पेमेंटची पावती जपून ठेवा.

उत्पन्नाचं पण टेन्शन घेऊ नका. जॉइंटला मर्यादा ३ लाख आहे पण ताबा मिळाला ते वर्ष किंवा त्याच्या आधीचं, दोन्हीपैकी ज्या वर्षी एमएजीआय (या नियमासाठी मोजायचं उत्पन्न) कमी ते धरता येतं. २०२४ खाली आहे ना, मग झालं.

खरी गोम डीलरच्या रिपोर्टमध्ये आहे. ताबा दिल्यावर ३ दिवसांत त्याने आयआरएसच्या पोर्टलवर विक्रीचा रिपोर्ट टाकायचा असतो आणि त्याची कॉपी तुम्हाला द्यायची असते. तो रिपोर्ट गेलाच नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही क्रेडिट अडकतं, म्हणून बाकी काही करण्याआधी आजच डीलरला फोन करा आणि आयआरएसने स्वीकारल्याची कॉपी मागा. ती हातात आली की फॉर्म ८९३६ आणि त्याचं शेड्यूल ए, त्यात व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाका. तुमचं मॉडेल ३,७५० ला पात्र आहे की पूर्ण ७,५०० ला हे त्याच रिपोर्टवर असतं. एसयूव्हीला एमएसआरपी (कंपनीने सुचवलेली किंमत) ८०,००० च्या आत लागते, तेही बघून घ्या.

पूर्वेकडची
चार्जरचा नियम वेगळा आहे आणि तिथे बरेच जण फसतात. खर्चाच्या ३० टक्के, घरासाठी जास्तीत जास्त १,००० डॉलर, पण घर पात्र सेन्सस ट्रॅक्टमध्ये (जनगणनेसाठी आखलेला छोटा भाग) हवं, म्हणजे कमी उत्पन्नाचा भाग किंवा शहरी नसलेला भाग. शिवाय ते तुमचं राहतं मुख्य घर हवं. पत्ता टाकून ११ आकडी जीओआयडी (त्या ट्रॅक्टचा क्रमांक) काढा आणि आयआरएसच्या यादीत आहे का बघा, आर्गॉन नॅशनल लॅबचा नकाशा पण आहे, तिथे पटकन कळतं. नुसतं झिपकोडवरून ठरवू नका, एकाच झिपमध्ये अलीकडचा ट्रॅक्ट पात्र आणि पलीकडचा नाही असं होऊ शकतं. पात्र निघाला तर फॉर्म ८९११. इलेक्ट्रिशियनकडून चार्जर, वायरिंग, मजुरी सुटी सुटी लिहिलेलं बिल घ्या. कोणी अजून बसवायचा विचार करत असेल तर ३० जून २०२६ पर्यंत बसून चालू झालेला हवा, नुसती ऑर्डर देऊन भागत नाही, हे क्रेडिट गाडीसारखं कराराच्या तारखेवर चालत नाही.

निळू
मध्येच विचारतो, मला दरवर्षी रिफंड येतो म्हणजे टॅक्स देणं नसतंच, मग मला काय मिळणार? आणि माझी गाडी लीजवर आहे.

आकडेमोड
निळू, रिफंड येतो म्हणजे बहुतेक पगारातून जास्त कापलं गेलंय, टॅक्स लागला नाही असं नव्हे. रिटर्नवर वर्षाचा एकूण टॅक्स किती बसला ते बघायचं, क्रेडिट त्यातून वजा होतं, शून्याच्या खाली जात नाही आणि उरलेलं पुढच्या वर्षी ओढता येत नाही. पण लीज असेल तर मुद्दाच नाही, क्रेडिटचा हक्क लीज कंपनीचा, तुझा हप्ता त्यांनी कमी केला असेल तर तेवढाच फायदा.

गॅरेजवाला
खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. डीलरकडून रिपोर्ट गेलेला आहे, कॉपी ईमेलने आली, पूर्ण ७,५०० दाखवतेय. चार्जरचा पत्ता मात्र यादीत नाही निघाला, तो सोडून देतो.

पूर्वेकडची
तो गेला तरी वीज कंपनीचा रिबेट बघा, काही ठिकाणी लेव्हल २ साठी असतो आणि त्याला सेन्सस ट्रॅक्टची अट असेलच असं नाही. गाडीला लोन असेल आणि तिची फायनल असेंब्ली अमेरिकेत झाली असेल तर २०२५ पासून व्याजाचं डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून वजावट) पण आहे, वर्षाला १०,००० पर्यंत, पण जॉइंटला २ लाखांच्या वर ते कमी कमी होत जातं आणि तिथे आधीच्या वर्षाचं उत्पन्न धरता येत नाही, त्यामुळे तुम्हाला यंदा बहुतेक नाही मिळणार. लोन चालू असेल तर पुढच्या वर्षी परत बघा.