पाच-सहा दिवसांची श्रीलंका : काय ठेवावे, काय सोडावे?

येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे आम्ही पती-पत्नी, माझे ७१ वर्षांचे वडील आणि आठवीत शिकणारी मुलगी, ६ दिवसांसाठी श्रीलंकेला जाण्याच्या विचारात आहोत. मुंबईहून कोलंबोचे थेट विमान अडीच तासांच्या आसपास पोहोचते, घड्याळही बदलावे लागत नाही, त्यामुळे प्रवास सोपा वाटतो. पण नकाशा समोर घेतला की अनुराधपूर, पोलोन्नरुव, सिगिरिया, डंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, गॉल अशी नावांची रांगच लागते आणि ज्याला विचारावे तो ही सगळी ठिकाणे ६ दिवसांत बसवून दाखवतो. वडिलांची इच्छा एवढीच आहे की अनुराधपूरच्या बोधिवृक्षापाशी घाई न करता थोडा वेळ बसायला मिळावे. ज्यांनी अशी छोटी सहल स्वतः आखून केली आहे, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. हॉटेलांच्या दरांपेक्षा वेळेचा हिशेब, आणि काय वगळल्याची किंवा न वगळल्याची खंत राहिली, हे समजले तर आम्हांला अधिक उपयोग होईल.

पुण्याहून

आम्ही ६ दिवसांत ७ गावे केली आणि ती चूक होती, हे आधीच सांगतो. श्रीलंकेत अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही, तासांत मोजावे लागते. विमानतळ कोलंबो शहरात नाही. तो शहराच्या उत्तरेला कटुनायके येथे आहे. तेथून अनुराधपूर साधारण १७० किलोमीटर असले, तरी गावागावांतून जाणाऱ्या रस्त्याने आम्हांला जेवणाचा थांबा धरून ५ तास लागले. डोंगरात तर कँडी ते नुवारा एलिया या ८० किलोमीटरांच्या आतल्या प्रवासालाही ३ तास सहज जातात. आम्ही पहिली रात्र कोलंबोत काढली. म्हणजे जायचे उत्तरेला असताना आधी दक्षिणेला गेलो आणि दुसऱ्या दिवशी तेच अंतर पुन्हा कापले. तुमचे विमान सकाळी उतरत असेल, तर कोलंबो शेवटच्या दिवसावर ठेवावे आणि थेट अनुराधपूर गाठावे.

सर्वांत मोठी खंत पोलोन्नरुवची आहे. बाराव्या शतकातील राजा पराक्रमबाहूच्या या राजधानीचे अवशेष काही किलोमीटरांत पसरलेले आहेत आणि आम्ही तेथे पोहोचलो दुपारी ४ नंतर. गल विहारापाशी आलो तेव्हा उन्हे उतरली होती. एकाच ग्रॅनाइटच्या कड्यात तेथे बुद्धमूर्ती कोरलेल्या आहेत. त्यांपैकी पहुडलेली मूर्ती सुमारे १४ मीटर लांब असून मस्तकाच्या भाराने उशी किंचित दबलेली आहे, हेही शिल्पकाराने दगडात दाखवले आहे. ती उशी आम्ही पाहिली, पण तेथे उभे राहायला मिळाली जेमतेम २० मिनिटे. त्या सहलीतला दुसरा कोणताही अर्धा दिवस मी आज आनंदाने त्या कड्यासमोर घालवीन.

नागपूरहून

आम्ही ११ जण, सगळे उपासक-उपासिका, मुळात वंदनेसाठी गेलो होतो आणि सहल तिच्याभोवती बसवली. बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले होते, हे घरात लहानपणापासून ऐकलेले असल्याने त्या देशाची ओढ होतीच.

आमच्या आखणीचा पाया पौर्णिमा हा होता. तेथे प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' म्हणतात आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. मद्यविक्री बंद राहते, कचेऱ्या आणि अनेक दुकाने उघडत नाहीत, आणि विहारांत पहाटेपासून पांढऱ्या वस्त्रांतील माणसांची रीघ लागते. वेसक म्हणजे आपली वैशाखी पौर्णिमा. त्यानंतरची पोसोन म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमा; सम्राट अशोकांचे पुत्र महिंद थेर (ज्येष्ठ भिक्खू) यांची आणि तेथील राजा देवानंपिय तिस्स याची अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेच्या डोंगरावर भेट झाली, तो हा दिवस मानतात. आम्ही मुद्दाम पोसोनला गेलो. ३ महिने आधी शोधूनही अनुराधपुरात खोल्या मिळाल्या नाहीत, म्हणून २० किलोमीटर दूर उतरावे लागले, आणि शहरातले रस्ते वाहनांना बंद असल्याने बराच पल्ला पायी तोडावा लागला. वृद्ध माणसे बरोबर असतील तर पोसोनच्या आठवड्यात अनुराधपूरला जाऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. आम्हांला मात्र जे मिळाले ते त्या गर्दीतच मिळाले. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी 'दन्सल' म्हणजे दानशाळा उभ्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून बसवून भात-भाजी वाढत होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या वाटेवर भोजनदानाचे मांडव ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

बोधिवृक्षाविषयी थोडे सविस्तर लिहितो. बोधगयेच्या वृक्षाची फांदी संघमित्रा थेरींनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात येथे आणली, तोच हा वृक्ष, आणि तेव्हापासून त्याची राखण अखंड चालू आहे. तो उंच चौथऱ्यावर सोनेरी कठड्याआड आहे, त्याच्या जुन्या फांद्यांना आधार दिलेले आहेत आणि भोवतीच्या अंगणात वाळू पसरलेली आहे. माझ्या आईला मराठीखेरीज कोणतीही भाषा येत नाही. तेथे बसलेल्या एका सिंहली आजींनी त्रिसरण आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली, तेव्हा आईने नकळत त्यांच्या आवाजात आवाज मिसळला. पाली शब्द सगळे तेच होते, फक्त हेल वेगळा होता. शेवटी दोघींनी एकदमच 'साधु, साधु, साधु' म्हटले आणि त्या आजींनी आपल्या ताटातली अर्धी निळी कमळे आईच्या ओंजळीत ठेवली. या एका तासासाठी आम्ही सिगिरियाचा प्रसिद्ध खडक सोडला होता आणि आमच्यापैकी एकालाही त्याची हळहळ वाटली नाही.

फेब्रुवारीतल्या पोयेला 'नवम' म्हणतात. त्या सुमारास कोलंबोतील गंगारामय विहाराची मिरवणूक, 'पेराहेरा', हत्ती आणि नर्तकांसह निघते. तारखा जुळत असतील तर कोलंबोची शेवटची संध्याकाळ तिच्यासाठी राखावी.

ठाण्याहून

सिगिरिया सोडावा की नाही, याचे उत्तर वडिलांच्या गुडघ्यांवर आहे. पाचव्या शतकात राजा कश्यपाने २०० मीटर उंच खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला; वर जायला सुमारे १२०० पायऱ्या आहेत आणि सिंहशिल्पाच्या प्रचंड पंजांच्या पुढचा शेवटचा टप्पा कातळाला बसवलेल्या लोखंडी जिन्याचा आहे. माझे सासरे ७० वर्षांचे होते. ते पंजांपर्यंत आले, तेथे सावलीत बसून राहिले आणि आम्ही वर जाऊन आलो. या व्यवस्थेत त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण ती आदल्या रात्रीच ठरवलेली होती. सकाळी दरवाजे उघडताच आत जावे. ९ नंतर उन्हाचा तडाखा आणि जिन्यावरची रांग दोन्ही वाढतात. गांधीलमाश्यांची पोळी असल्याने शांतता राखण्याच्या सूचना तेथे लावलेल्या आहेत, त्या मनावर घ्याव्यात. वाटेतल्या भित्तिचित्रांतील स्त्रिया पाहताना अजिंठ्याची आठवण होतेच. त्यांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे.

डंबुल्ल्याची ५ लेणी मात्र वडिलांना आवर्जून दाखवावीत. चढ आहे, पण थांबत थांबत झेपण्यासारखा आहे. लेण्यांचे छत सपाट केलेले नाही. कातळाच्या मूळ उंचसखल पृष्ठभागावरच चित्रे काढली आहेत, त्यामुळे ते ताणलेल्या कापडासारखे भासते. चपला प्रवेशद्वारापाशीच ठेवाव्या लागतात आणि दुपारी फरशी इतकी तापते की माझ्या मुलाच्या तळव्यांना फोड आले. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आम्ही जाड मोजे घालून फिरलो.

तुमच्या मुलीला आधीच समजावून ठेवावे असे आणखी एक आहे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अनादराचे मानतात. माझा मुलगा सहज तसा उभा राहिला आणि रखवालदाराने त्याला तत्काळ बाजूला घेतले. त्याचे बोलणे सौम्य होते, पण आम्हांला फार वाईट वाटले, कारण ही गोष्ट त्याला घरीच सांगायची राहून गेली होती. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. शरीरावर बुद्धाची आकृती गोंदलेली असेल तर ती उघडी ठेवू नये. २०१४ साली दंडावर तसे गोंदण असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला देशाबाहेर पाठवण्यात आले होते.

रत्नागिरीहून

जेवणाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. नारळ, तांदूळ, कढीपत्ता आणि कोवळ्या फणसाची 'पोलोस' ही भाजी, यांमुळे कोकणातल्या माणसाला तेथे उपरे वाटत नाही. 'परिप्पु' म्हणजे नारळाच्या दुधातले मसुरीचे वरण जवळजवळ सगळीकडे मिळते. मात्र शुद्ध शाकाहारी असणाऱ्यांनी 'पोल संबोल' या ओल्या खोबऱ्याच्या चटणीबाबत विचारून घ्यावे, कारण तिच्यात, आणि पुष्कळदा भाज्यांतही, 'उंबलकड' म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. आमच्या सासूबाईंनी दोन दिवस ती चटणी आवडीने खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना हे कळले. आम्ही आधी विचारले असते तर त्यांच्या मनाला झालेला त्रास टळला असता. तो त्रास पुढे सहलभर राहिला. नंतर आम्ही प्रत्येक ठिकाणी 'उंबलकड नको' असे स्वयंपाक करणाऱ्यालाच सांगत गेलो आणि सगळ्यांनी ते समजून घेतले.

कोल्हापूरहून

वर सगळा भर प्राचीन नगरांवर आहे, पण ६ दिवसांपैकी दीड दिवस कँडीला द्यावा, असे माझे मत आहे. दंतधातूच्या, म्हणजे बुद्धांच्या दाताच्या अवशेषाच्या मंदिरात, दळदा मालिगावेत, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि सायंकाळी साडेसहा अशा तीन पूजा होतात आणि गर्भगृहाचे दार त्याच वेळी उघडते. प्रत्यक्ष दंतधातू दिसत नाही, त्याचा सोन्याचा करंडक काही क्षण दुरून दिसतो. धातू सर्वांसाठी दर्शनाला ठेवण्याचा प्रसंग दुर्मीळ असतो; एप्रिल २०२५ मध्ये तो १६ वर्षांनी आला होता. आम्ही पहिल्या सायंकाळी वेळ न पाहता गेलो, ८ वाजता पोहोचलो आणि बंद दार पाहून परतलो. दुसऱ्या पहाटे पुन्हा गेलो, तेव्हा गर्दी कमी होती आणि ढोलांचा नाद छातीत उतरत होता. पहाटेचीच पूजा गाठावी.

कँडीहून नानु ओयापर्यंतचा (हे नुवारा एलियाचे स्थानक) चहाच्या मळ्यांतला आगगाडीचा प्रवास मुलीला आवडेल. आरक्षण खुले होते त्याच दिवशी करावे लागते, आणि पावसात दरडी कोसळून हा मार्ग बंद पडत असल्याने तो चालू आहे ना, याची निघण्यापूर्वी खात्री करावी. एल्ला मात्र सोडून द्यावे. तेथवर गेलात की परतीला जवळजवळ एक पूर्ण दिवस जातो.

बंगळूरहून

हवामानाबाबत एवढेच : या बेटावर पाऊस दोन बाजूंनी दोन वेळा येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडील कोलंबो, गॉल आणि डोंगर भिजतात, तर डिसेंबरच्या आसपास अनुराधपूर आणि पूर्व किनारा. तुम्ही निवडलेला फेब्रुवारी दोन्हीकडे बराचसा कोरडा असतो, म्हणून महिना बदलू नये. स्मारकांच्या तिकिटावर सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, पण आमचे मूळ पासपोर्ट हॉटेलात राहिल्याने एका ठिकाणी पूर्ण दर भरावा लागला.

साताऱ्याहून

नागपूरच्या वाचकांनी बोधिवृक्षाविषयी लिहिले आहे, त्यात वडिलांसाठी थोडी भर घालते. मी माझ्या वडिलांना घेऊन दोनदा तेथे गेले, पहिल्यांदा दुपारी १२ वाजता आणि दुसऱ्यांदा त्याच दिवशी सायंकाळी ६ वाजता. दुपारी वाळू तापलेली होती आणि ते ५ मिनिटांत उठले. सायंकाळी वाळू निवते, दिवे लागतात, लोक घरून आणलेली फुले वाहून आपापल्या जागी बसून राहतात आणि कोणी कोणाला उठवत नाही. वाहनतळापासून थोडे चालावे लागते आणि खुर्च्यांवर विसंबून राहू नये, म्हणून मी एक घडीचे बसकर बरोबर नेले होते. वडील त्यावर कठड्याला टेकून दीड तास बसले. अनुराधपुरात त्या रात्री मुक्काम असेल तरच हे जमते. त्यामुळे पहिला मुक्काम तेथेच धरावा आणि त्या सायंकाळी दुसरे काहीही ठेवू नये.