मुलीचे दात सरळ करायचेत: चार दाढा काढून तारा लावू की अलायनर?

नमस्कार, आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. वरच्या उजव्या सुळ्याला जागाच मिळाली नाही, तो हिरडीत वरच निघालाय. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत. हल्ली ती हसताना तोंडावर हात धरते. परवा वर्गाचा फोटो आला, त्यात सगळ्या मुली खिदळतायत आणि ही एकटी ओठ घट्ट मिटून उभी.

दोघांना दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं की सुळ्यामागच्या छोट्या दाढा, वर दोन आणि खाली दोन, काढाव्या लागतील. मग धातूच्या तारा, दोनेक वर्षं, ४५ हजार. दुसरीकडे फक्त तोंडाचं स्कॅनिंग केलं. दात न काढता पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे साचे, दीड लाख. धडधाकट दात काढायचे म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यात सासूबाई म्हणतात, वरचे दात काढले की नजर अधू होते. कुणी या वयात हे केलंय का? मुलांना फार दुखतं का?

प्रतिसाद १
ताई, माझ्या मुलाच्या चारही दाढा काढल्या होत्या. एका वेळी एका बाजूच्या दोन, भूल देऊन. नजरेची भीती मनातून काढून टाका, दात काढल्यानं डोळ्यांना काही होत नाही. तारा लावल्यावर पहिले चार-पाच दिवस मात्र मऊ भात-वरणावर काढले. तारेचं टोक गालाला टोचायचं, त्या टोकावर लावायला डॉक्टर मेण देतात. जेवणानंतर घासायला वेळ लागतो, छोटा ब्रश दप्तरातच ठेवा. चिक्की, चकली पूर्ण बंद.

प्रतिसाद २
मी दंतवैद्य आहे. दात काढायचे की नाही हे तारा की अलायनर यावर ठरत नाही, जबड्यात जागा किती कमी पडतेय यावर ठरतं. दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा, जागा किती मिलिमीटर हवी आणि ती कुठून आणणार? कडेनं घेतलेला चेहऱ्याचा एक्स-रे, म्हणजे लॅटरल सेफ, न बघता योजना पक्की करू नका. अलायनर दिवसाचे २०-२२ तास लावावे लागतात. शाळेत डब्याच्या वेळी काढून रुमालात गुंडाळले की हरवतात. तारा काढता येत नाहीत, या वयात तोच त्यांचा फायदा. ऑर्थोडोंटिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांकडूनच उपचार घ्या. खर्चाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल बघा. फेऱ्या जास्त होतील, पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होतं.

प्रतिसाद ३
एक राहिलंच. तारा निघाल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर लावावा लागतो. मी बारावीच्या गडबडीत तो लावायचा सोडला आणि वर्षभरात खालचे दात पुन्हा वाकडे झाले. आता तिशीत परत तारा लावल्यात. रिटेनरचा खर्च त्या ४५ हजारांत धरलाय का, तेही विचारून घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. नजरेचं सासूबाईंना वाचून दाखवलं. शनिवारी पहिल्या डॉक्टरांकडे जातेय, लॅटरल सेफ आणि रिटेनरचं विचारते. लेक म्हणतेय, मेण आधीच घेऊन ठेव.