मदत हवी आहे: सैन्यासाठी शोधलेली, घरात आलेली रसायने (शालेय विज्ञान प्रदर्शन)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. वरचा विषय नववीच्या मुलांनीच निवडलाय आणि मला तो फार आवडलाय. पण नेटवरच्या याद्यांमध्ये खरं-खोटं सगळं एकत्र कालवलेलं असतं. मुलांच्या तक्त्यावर चुकीचं काही जाऊ नये, एवढीच धडपड.

टेफ्लॉनचंच घ्या. ते बहुतेक याद्यांत दिसतं. प्रत्यक्षात रॉय प्लंकेट यांना ते १९३८ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये फ्रिजच्या वायूंवर काम करताना सापडलं. अणुबाँबच्या प्रकल्पात त्याचा वापर झाला, पण नंतर. म्हणून ते वगळलं.

फेविक्विकच्या जातीचा गोंद, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट, मात्र ठेवलाय. १९४२ मध्ये कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकांच्या दुर्बिणींसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हे रसायन लागेल तिथे चिकटून बसायचं, म्हणून बाजूला पडलं. १९५१ मध्ये त्यांच्या सहकाऱ्याने अपवर्तनांक (त्यातून जाताना प्रकाश किती वळतो ते) मोजायला त्याचा थर दोन लोलकांमध्ये (काचेच्या प्रिझममध्ये) दिला आणि लोलक सुटेचनात! महागडं उपकरण गेलं, पण गोंद मिळाला. १९५८ मध्ये तो बाजारात आला. पुढे व्हिएतनाममध्ये जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवायला त्याचा फवारा वापरला. मुलं या गोष्टीवर बेहद्द खूश आहेत.

आता अडचण. हा गोंद वाळत नाही, तर ओलाव्यामुळे त्याचे रेणू साखळीसारखे जोडले जाऊन तो घट्ट होतो, हे मुलांना दाखवायचंय. मी आधी एकटीने कापसावर थेंब टाकून पाहिला. कापूस चटका बसेल इतका तापला आणि डोळ्यांना झोंबणारा धूर निघाला. वर्गात हे अजिबात नको. धूर आणि चटका टाळून तीच गोष्ट दाखवता येईल असा प्रयोग कुणी केलाय का?

दुसरी मदत भारतीय उदाहरणासाठी. डास पळवायला अमेरिकी सैन्याने १९४६ मध्ये डीट हे रसायन आणलं, ते नागरिकांना १९५७ पासून मिळू लागलं. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने डेपा हे डास पळवणारं रसायन तयार केलं. तक्त्यावर हे मला सगळ्यात ठळक हवंय. इथे कुणी सैन्यात असाल, किंवा घरात कुणी असेल, तर ते वापरलंय का? मलम होतं की फवारा, वास कसा होता, किती वेळ टिकायचं? जमेल तेवढं सविस्तर लिहा, मुलं स्वतः वाचणार आहेत.