आतडं काळं पडलेल्या हर्नियात जाळी बसवावी का?

तालुक्याचा सर्जन
परवा रात्री दोनला साठीतले एक शेतकरी आले. जांघेतला हर्निया दोन दिवस अडकलेला, वरची कातडी लालबुंद. हर्नियाची पिशवी उघडली तर आत घाण वासाचं पाणी. आतडं कोमट सलाइनच्या कापडी मॉपमध्ये गुंडाळून दहा मिनिटं वाट पाहिली, रंग काही परतला नाही. तेवढा तुकडा कापून जोडला. हर्नियाच्या भोकावर बसवतात ती कृत्रिम धाग्यांची जाळी मात्र बसवली नाही, देसरडा केलं. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांनी २००१ साली मांडलेली ही पद्धत. बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या पडद्याची दोनेक सेंटिमीटर रुंद पट्टी, दोन्ही टोकं न तोडता, जांघेतल्या मागच्या कमकुवत भिंतीवर शिवायची. परकी वस्तूच नाही, मग जंतू घर करणार कुठे? आतडं कापलं की जाळी नको, या मतावर मी ठाम आहे.

डॉ_पंचगंगा
सरसकट 'नको' मला पटत नाही. आतडं कापणं वेगळं, आतली घाण जखमेत सांडणं वेगळं. वर्ल्ड सोसायटी ऑफ इमर्जन्सी सर्जरीच्या २०१७ च्या सूचना सांगतात, आतडं कापूनही घाण सांडली नसेल तर जाळी चालते. आजची जाळी एकेरी धाग्याची, मोठ्या छिद्रांची असते, जंतूंमागोमाग पांढऱ्या पेशीही आत शिरतात. पीळदार धाग्यांच्या जाळीत जंतू लपायचे आणि पेशी बाहेरच राहायच्या. शिवाय रात्री नवख्या हातांनी ताणून टाके घातले, तर तोच हर्निया पुन्हा येतो.

तालुक्याचा सर्जन
त्याच सूचना पुढे वाचा. आतडं मेलं असेल किंवा घाण सांडली असेल, आणि हर्नियाचं भोक ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर थेट टाके घालायला सांगितलंय. माझ्या पेशंटचं आतडं मेलेलंच होतं.

मुलगी_सातारा
मी डॉक्टर नाही, पण हे सोसलंय. अशाच तातडीच्या ऑपरेशनमध्ये बाबांना जाळी बसवली. टाके निघाले, पण जांघेत टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलं. रोज सकाळी धोतरावर पिवळा डाग. अकरा महिने ड्रेसिंग केलं, शेवटी जाळी काढावीच लागली. ती काढताना बाबांचे फार हाल झाले. जाळीत पू होऊ शकतो, हे सही घेताना कोणी बोललंच नव्हतं. घाई असते, मान्य, पण दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागतो?

डॉ_पंचगंगा
ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. सही घेण्याआधी हे सांगायलाच हवं. आणि सर, मेलेल्या आतड्याबद्दल तुमचं वाचन बरोबर, तिथे मी हट्ट धरणार नाही. पण म्हाताऱ्या पेशंटचा पडदा विरलेल्या धोतरासारखा निघाला, तर पट्टी कशाची काढणार?

तालुक्याचा सर्जन
तर साधे टाके. हर्निया पुन्हा आलाच, तर नंतर स्वच्छ जागेत जाळी. पेशंटला तसं आधीच सांगून ठेवतो.

डॉ_पंचगंगा
सांगता, पण परत येतात किती? माझ्याकडचे ऊसतोडीला गेले की थेट पुन्हा अडकल्यावरच दिसतात.